बंधाऱ्याचे टोक

मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागेकडे जाणारा रस्ता जसजसा पुढे सरकतो, तसतशी जमीन अरुंद होत जाते. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदीचे पात्र आणि मध्ये नारळीची झाडे, घरे व न्याहरी-निवासाच्या पाट्या यांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. शेवटी नदी आणि समुद्र यांचा संगम. पावसाळ्यात समुद्र ही पट्टी कुरतडतो, म्हणून किनाऱ्याला मोठाले धोंडे रचून धूपप्रतिबंधक बंधारे घातलेले आहेत. बंधारा असतो तेथे किनारा टिकतो. पण बंधारा जेथे संपतो, त्या टोकापुढची वाळू अधिक वेगाने जाऊ लागते. ‘हय धोंडे घातले की दर्या थय खाता,’ असे तारकर्लीचे एक वृद्ध मच्छीमार मला म्हणाले होते. ते माझ्या मेव्हण्यांचे शेजारी.

माझ्या मेव्हण्यांना, ज्यांना आम्ही सारे दाजी म्हणतो, जो विकार जडला आणि त्यावर जो उपचार झाला, तो मला समजला तो याच भूगोलाच्या आधारे. हा विकार फारसा ऐकिवात नसतो. परंतु रक्तदाब हा त्याचा मोठा कारक, आणि आपल्या समाजात रक्तदाब व उपवास हे दोन्ही घरोघरी आहेत. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. दाजींची त्यास संमती आहे.

दाजींचे मालवणच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान. ते मुलाकडे सोपवून दाजी व माझी थोरली बहीण तारकर्लीच्या घरी राहू लागले होते. रक्तदाबाच्या गोळ्या अनेक वर्षांच्या, नियमित. मात्र उपवासाच्या दिवशी गोळी घ्यायची नाही, हाही त्यांचा तितकाच पक्का नियम. सात वर्षांपूर्वी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, दशलक्षण पर्वात त्यांनी एकासने केली आणि अनंत चतुर्दशीला निर्जल उपवास केला. रात्रीची गोळी सूर्यास्तानंतर येते म्हणून ती दहाही दिवस बंद होती. शेवटच्या दिवशी सकाळचीही राहिली. पारण्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीत, कळ उठली. ‘मांजरपाट दोन्ही हातांनी टर्रकन फाडावा तसे आत काहीतरी फाटले,’ हे त्यांचे शब्द. आयुष्यभर कापड फाडलेल्या माणसाचे हे वर्णन किती नेमके होते, ते नंतर कळले.

हृदयाचा आलेख जवळजवळ निर्दोष होता. मालवणच्या डॉक्टरांनी दोन्ही हातांचा रक्तदाब मोजला; तो सारखा भरेना. वरचा आकडा दोनशेच्या पुढे. त्यांनी वेळ न दवडता गोव्याकडे धाडले. सिंधुदुर्गातील गंभीर आजाऱ्याला बांबोळीचा रस्ता पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सी.टी. अँजिओग्राफी झाली आणि निदान समजले: महाधमनीचे डिसेक्शन.

हृदयातून निघून छातीतून पोटापर्यंत उतरणारी जी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, ती महाधमनी. तिची भिंत तीन थरांची असते. आतल्या थराला चीर पडली की रक्त त्या चिरेतून मधल्या थरात शिरते आणि थर सोलत स्वतःसाठी दुसरी वाट काढते. मग एका वाहिनीत दोन प्रवाह वाहू लागतात. मूळच्या मार्गाला खरी पोकळी आणि नव्याने पडलेल्याला खोटी पोकळी म्हणतात. मध्ये सोललेल्या थराचा पडदा. डॉक्टरांनी कागदावर दोन समांतर रेघा काढून हे दाखवले तेव्हा खाटेवरून दाजी क्षीण आवाजात म्हणाले, ‘म्हणजे आमचे देवबागच की.’

चीर हृदयालगतच्या चढत्या भागात असेल तर तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी अचानक कोसळला, म्हणजे पानिपतच्या रणसंग्रामाच्या सुमारे पावणेतीन महिने आधी. त्याच्या शवाची तपासणी डॉ. फ्रँक निकोल्स यांनी केली. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साकळलेले होते आणि महाधमनीला चीर होती. या विकाराच्या अगदी आरंभीच्या नोंदींपैकी ती एक. दाजींची चीर मात्र डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या फाट्यापुढे, उतरत्या भागात होती व मूत्रपिंडांच्या खालपर्यंत गेली होती. या प्रकारात पोटातील अवयवांना व पायांना रक्त पोहोचत असेल, तर प्रारंभी औषधांवरच भर देतात. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशेवीसच्या आत आणि नाडी साठाच्या आसपास, एवढे साधायचे.

उपवासाने हे घडले काय, असे बहिणीने विचारले. डॉक्टरांनी तसे म्हटले नाही. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने भिंत कमकुवत झालेली असते, हे त्यांनी सांगितले. आणि काही गोळ्या एकाएकी बंद केल्या तर रक्तदाब उसळून वर येतो, हेही सांगितले. गोळ्यांच्या वेळा सूर्यास्ताच्या आत बसवता येतात. चौविहार पाळणाऱ्यांसाठी त्यांनी तशा त्या बसवूनही दिल्या. हे दहा वर्षे आधीही करता आले असते. पण डॉक्टरांना आपण कधी व कसे उपवास करतो हे सांगण्याची रीत आपल्यात नाही आणि विचारण्याची रीत त्यांच्यात नाही.

पहिल्या तीन महिन्यांनंतर या विकाराला जुनाट म्हणतात. जुनाट म्हणजे बरा झालेला नव्हे. खोट्या पोकळीची बाहेरची भिंत फक्त उरलेल्या थरांची, म्हणून पातळ. रक्ताच्या दाबाने ती हळूहळू फुगत जाते. दुखत काही नाही. माणूस बागेत शहाळी मोजत असतो आणि आत मिलिमीटर वाढत असतात. दाजी दरवर्षीच्या तपासणीतील सर्वांत रुंद जागेचे माप दुकानातल्या जुन्या लाल वहीत टिपून ठेवत: ४१, ४४, ४९. चौथ्या वर्षी आकडा आला ५६. उतरत्या महाधमनीची रुंदी ५५ ते ६० मिलिमीटरच्या घरात गेली किंवा ती वेगाने वाढू लागली, की ती फुटण्याचा धोका उपचाराच्या धोक्याहून मोठा ठरू लागतो. दाजींच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम घडल्या होत्या.

उपचार दोन होते. छातीची डावी बाजू उघडून फुगलेला भाग कापून कृत्रिम नळी बसवणे, हा जुना आणि फार मोठा. दुसरा म्हणजे स्टेंट-ग्राफ्ट: कापडाची नळी, तिला धातूच्या जाळीचा सांगाडा. ती मिटवून जांघेतील धमनीतून वर न्यायची, चिरेपाशी उघडायची, म्हणजे चिरेचे तोंड झाकले जाते आणि खोट्या पोकळीत शिरणारे रक्त थांबून तेथे गोठते. खारकीवचे निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये छातीतील महाधमनीत अशी नळी प्रथम बसवली. १९९० मध्ये ब्युनोस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी पोटातील फुगवट्यावर ती वापरली. आणि १९९९ मध्ये डिसेक्शनवरील वापराचे पहिले महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध झाले.

कापड म्हटल्यावर दाजींनी खाटेवर उठून बसत विचारले, ‘कुठले कापड? पन्हा किती?’ ते पॉलिएस्टर होते. त्यावरून डॉक्टरांनी मायकेल डिबेकी यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेतील ह्यूस्टनचे हे शल्यविशारद १९५०च्या दशकात कृत्रिम धमनीसाठी नायलॉन घ्यायला दुकानात गेले. नायलॉन संपले होते, म्हणून दुकानदाराने डेक्रॉन दिले. तेही पॉलिएस्टरच. ते त्यांनी पत्नीच्या शिवणयंत्रावर स्वतः शिवले. ‘गिऱ्हाईक परत जाऊ दिले नाही, तो खरा दुकानदार,’ एवढाच शेरा दाजींनी मारला.

डॉक्टरांनी जे सांगितले नव्हते ते मी नंतर वाचले. याच डिबेकींना २००५ च्या अखेरीस, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, महाधमनीचे डिसेक्शन झाले. त्यांनी प्रथम शस्त्रक्रिया नाकारली. पुढे ते शुद्धीत नसताना पत्नीने आग्रह धरला, रुग्णालयाच्या नीतिसमितीची रात्री बैठक झाली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्याच शिष्यपरंपरेतील शल्यविशारदांनी शस्त्रक्रिया केली. ते वाचले, पुन्हा कामाला लागले आणि २००८ मध्ये, शंभरीला थोडे उरले असता गेले. मी ही हकिकत दाजींना सांगितली. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग बहिणीसमोरच म्हणाले, ‘निर्णय मी शुद्धीत असतानाच घेणार. माझ्या वतीने कुणी सही करायची नाही.’

आणि निर्णय सोपा नव्हता, कारण दाजींना काहीच होत नव्हते. धडधाकट माणसाला सांगायचे की, उद्याच्या संकटासाठी आज संकट पत्कर. युरोपात १४० रुग्णांवर निनाबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी केली होती. निम्म्यांना फक्त औषधे, निम्म्यांना औषधे व स्टेंट-ग्राफ्ट. दोन वर्षांनी पाहिले तर स्टेंट-ग्राफ्टचा लाभ दिसला नाही; उलट औषधांवरचे थोडे अधिक, सुमारे ९६ टक्के, हयात होते, तर नळी बसवलेले ८९ टक्के. पाच वर्षांपर्यंतचा हिशेब मांडला तेव्हा चित्र पालटले: महाधमनीशी संबंधित कारणाने झालेले मृत्यू नळीवाल्यांत ६.९ टक्के, औषधांवरच्यांत १९.३ टक्के. आम्हां बँकेतल्या माणसांना हे ओळखीचे वाटते. खर्च आधी पडतो, परतावा उशिरा येतो. परंतु या आकड्यांवर विसंबणेही बरोबर नव्हते. ते रुग्ण विकार जडल्यापासून एका वर्षाच्या आतले होते. दाजींचे चौथे वर्ष. एवढ्या काळात मधला पडदा जाड, ताठर होतो. नळी त्याला ढकलून जागेवर बसवू शकत नाही. शिवाय खाली पोटात पडद्याला आणखी छिद्रे असतात, त्यांतून रक्त उलट्या दिशेने खोट्या पोकळीत येत राहते. वरचे दार बंद केले तरी मागचे दार उघडेच.

संमतिपत्र मी ओळन्‌ओळ वाचले. कर्जाच्या दस्तऐवजावर सह्या घेताना पक्षकाराने एकही ओळ वाचू नये याचे आश्चर्य करण्यात माझी पस्तीस वर्षे गेली आहेत. नळीचे वरचे टोक घासून चीर मागे हृदयाकडे सरकू शकते. मग छाती उघडावीच लागते, आणि तरीही माणूस वाचेलच असे नाही. नळी नेताना भिंतीवरचा एखादा कण सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. डाव्या हाताच्या धमनीचे तोंड झाकले जाणार असेल, तर आधी मानेत जोडवाट करून द्यावी लागते. नळीच्या कडेने गळती राहू शकते. मूत्रपिंडांवर रंगद्रव्याचा ताण येतो. कोरड्या उपवासानंतर तपासणीला जाणे त्यासाठीच टाळावे. आणि सर्वांत भयंकर म्हणजे मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या महाधमनीतूनच निघतात. त्या झाकल्या गेल्या तर कमरेखाली पांगळेपण. त्या चाचणीत नळी बसवलेल्या ७२ जणांपैकी एकाला पांगळेपण, एकाला पक्षाघात आणि एकाला पायांची तात्पुरती दुर्बलता आली होती. ताळेबंदात संभाव्य देणी खाली टिपेत बारीक अक्षरांत लिहितात. ती टीप येथे दाजींचे दोन्ही पाय होती.

दाजींनी मला विचारले, उपचार न घेता शांतपणे राहिलो तर ती सल्लेखना होईल काय? आम्ही सांगलीच्या एका वयोवृद्ध पंडितजींना विचारले. त्यांचे उत्तर स्पष्ट होते. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सल्लेखनेचा प्रसंग म्हणून सांगितलेली आपत्ती ही प्रतिकार उरलेला नाही अशी आहे. येथे प्रतिकार आहे. तो घ्यावा की न घ्यावा हा तुमचा विवेक, पण नकाराला व्रताचे नाव देऊ नये. दाजींना हे पटले. पंधरा दिवसांनी त्यांनी होकार कळवला.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत त्यांनी विचारले, शरीरात नेमके काय काय जाणार? पॉलिएस्टर आणि निकेल-टायटॅनियमचा नायटिनॉल हा मिश्रधातू. त्यात प्राणिज काही नाही. परंतु रक्त गोठू नये म्हणून हेपारिन द्यावे लागते, आणि ते डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. दाजी स्तब्ध झाले. डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी प्रश्न झटकला नाही. बायव्हॅलिरुडिन नावाचे कृत्रिम औषध आहे. मुख्यतः हेपारिन सोसत नाही अशांना देतात. मात्र रक्तस्राव झाला तर त्याचा परिणाम तत्काळ उतरवणारे औषध नाही. हेपारिनला तसे प्रोटामाइन आहे. तेही माशांपासून मिळवलेले. कितीही शोधले तरी हिंसेचा अंश कुठे ना कुठे येतोच. पुन्हा पंडितजी. आचारशास्त्रात उत्सर्ग आणि अपवाद असे दोन मार्ग आहेत. अपवाद घेणाऱ्याने त्याला उत्सर्ग म्हणू नये आणि प्रायश्चित्त घ्यावे. दाजींनी हेपारिन स्वीकारले व प्रायश्चित्त म्हणून एका रसाचा आजन्म त्याग करायचे ठरवले. बहीण म्हणाली, मीठ सोडा, डॉक्टरांनी ते तोडलेच आहे. ‘जे आधीच गेले त्याचा त्याग कसला?’ म्हणून त्यांनी साखर सोडली. त्यांना चहा किती गोड लागतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनाच याची किंमत कळेल. समाजबांधवांना एवढीच विनंती की, हा प्रश्न असेल तर पहिल्याच भेटीत विचारावा. शस्त्रक्रियेच्या मेजावर विचार करायला कुणालाच अवधी नसतो.

मुंबईच्या एका रुग्णालयात प्रथम मानेतील जोडवाट आणि काही दिवसांनी स्टेंट-ग्राफ्ट झाले. पाच-सहा दिवस ताप राहिला. शरीर परक्या वस्तूला असे उत्तर पुष्कळदा देते. वर्षभराने तपासणीत वरच्या भागातील खोटी पोकळी गोठलेली दिसली. वहीत ५६ च्या खाली ५२ लिहिले गेले. दुकानात पेढे वाटले.

दुसऱ्या वर्षीच्या तपासणीत नळीच्या खालच्या टोकाशी नवी चीर होती.

नळी ताठ, आणि तिच्या खालची धमनी मऊ व अरुंद. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ताठ टोक त्या पडद्यावर घासते आणि एके दिवशी तो भेदते. इंग्रजी आद्याक्षरांनी या गुंतागुंतीला ‘साइन’ म्हणतात. आम्ही अहवाल घेऊन तारकर्लीला परतलो तेव्हा अंगणात ते शेजारी मच्छीमार बसले होते. दाजींनी त्यांना मालवणीत सांगितले की, तुमचे धोंड्यांचे शास्त्र मोठ्या डॉक्टरांनीही मान्य केले आहे. ते हसले नाहीत. ‘मगे फुडे आनिक बांधूक होयो,’ एवढेच म्हणाले. डॉक्टरांचाही सल्ला तोच होता: पहिल्या नळीत दुसरी अडकवून पुढे लांबवणे. परंतु जितकी लांबी अधिक, तितक्या मज्जारज्जूच्या धमन्या अधिक झाकल्या जाणार. खालचा फुगवटा ३९ वरून ५१ वर गेला होता. थांबण्यालाही अर्थ नव्हता.

हा दुसरा होकार पहिल्यापेक्षा जड होता, कारण आता हा उपचार शेवटचा असेल असे कुणी म्हणत नव्हते. दाजींनी बहिणीला, मुलाला आणि मला समोर बसवून सांगितले की, पाय गेले तर तारकर्लीचे घर विकायचे नाही, खाट समुद्राकडच्या खोलीत ठेवायची. मी ते कागदावर लिहून घेतले. त्यांनी खाली सही केली, तारखेसह.

दुसऱ्या वेळी पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून तेथील द्रवाचा दाब कमी ठेवला होता, जेणेकरून मज्जारज्जूला रक्त अधिक मिळावे. शुद्धीवर आल्यावर दर तासाला परिचारिका बोटे हलवायला सांगत. संध्याकाळपर्यंत दोन्ही पाय हलत होते. रात्री नऊच्या सुमारास डावा पाय जड झाला, अंगठा हलेना. असे उशिराही घडू शकते हे संमतिपत्रात होते. डॉक्टरांनी तातडीने रक्तदाब वाढवला व द्रव आणखी काढला. सहा वर्षे ज्या आकड्याला आम्ही एकशेवीसच्या खाली दाबून ठेवले, तोच आकडा दीडशेच्या वर जावा म्हणून मी काचेबाहेरून यंत्राकडे पाहत होतो. बहीण णमोकार म्हणत होती. पहाटे चारला अंगठा किंचित हलला. तिसऱ्या दिवशी गुडघा वाकला. घरी ते काठी घेऊन आले; काठी दीड महिन्याने सुटली, डाव्या पावलाची किंचित ओढ राहिली आहे.

आज दाजी एकाहत्तर वर्षांचे आहेत. छातीतील खोटी पोकळी बहुतांशी गोठली आहे. पोटातील खुली आहे, आणि ती बंद करता येणार नाही, कारण उजव्या मूत्रपिंडाला रक्त त्या खोट्या पोकळीतूनच मिळते. जी वाट मुळात पडायलाच नको होती, तिच्यावर आता एक अवयव जगतो. तेथील माप ३८ आहे. यंदाच्या दशलक्षणात त्यांनी पाण्यासह एकासने केली, गोळ्या सूर्यास्ताच्या आत; डॉक्टरांनी वेळा लिहून दिलेला कागद देवघरात चिकटवलेला आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर. कुडाळहून कोकणकन्येची तीन तिकिटे मी काढून ठेवली आहेत. दाजींचे खालचे बाकडे मिळाले आहे, बहिणीचे मात्र वरचे आहे, ते बदलून घ्यावे लागेल.